परातीतल्या दोन लाह्या

शुक्रवारी सगळं गाव तळ्याच्या पाळीवर जमलं होतं. मोहाच्या झाडाखाली घोंगडीवर परातवाले महाराज बसले होते आणि त्यांच्या पुढ्यात पितळेची परात, पाण्यानं भरलेली. महाराज जोडप्याच्या नावानं साळीच्या दोन लाह्या पाण्यावर सोडत. हळद लावलेली नवऱ्याची, कुंकू लावलेली बायकोची. लाह्या तरंगत येऊन एकमेकींना चिकटल्या की बायाबापड्या हात जोडत.

"यह मार्कंडा का पानी है, बच्चा!" महाराज गर्जत. "तिथी नदी वळते, इथी मन वळलेलं दिसते. आदमी झूठ बोलेल, औरत झूठ बोलेल, पानी नाई बोलत!"

ते पाणी मार्कंड्याच्या तीर्थाचं नव्हतं. सकाळीच महाराजांनी माझ्या उपकेंद्राच्या हातपंपावर घागर भरून नेली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी त्या गावची नर्स, वच्छला. साल चौऱ्याऐंशी. गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन दोन वर्षं झाली होती. गावाला रस्ता अजून आला नव्हता, महाराज मात्र आले होते.

गाव मासे धरणाऱ्या ढिवरांचं, पाण्यावर जगणारं. इथे भांडण झालं की कोणी देवाची शपथ घेत नसे. तळ्यात घोटाभर पाण्यात उभं राहायचं, ओंजळीत पाणी घ्यायचं आणि काय ते बोलायचं. हातात पाणी घेऊन खोटं बोललेला माणूस मी तिथे पाच वर्षांत पाहिला नाही. महाराजांनी नेमकी हीच नस पकडली होती. मी मात्र गंमत बघत हसत उभी होते, लहानू आणि कांता पुढे येईपर्यंत.

दोघांचं लग्न होऊन दोन वर्षं झालेली. लहानू तळ्यातला पहिला शिंगाडा सोलून कांताच्या तोंडात घालायचा, तोही सासूच्या देखत. गाव चिडवायचं, तो लाजायचा नाही. दोन महिन्यांपूर्वी तिला मुलगी झाली. बाळंतपण मीच केलं. त्यानंतर कांता हळूहळू गप्प होत गेली. पोरीला पाजताना भिंतीकडे बघत बसायची. झोप नाही, घास गिळत नाही, नवऱ्यानं हाक मारली तरी मान वळत नाही. एकदा मला म्हणाली, "बाई, हे पोरगी माही वाटतच नाई. हेही माहे वाटत नाईत. मी कुठी गेली, बाई?"

मी म्हटलं, अशक्तपणा आहे, आणि रक्तवाढीच्या गोळ्यांची पुडी हातावर ठेवली. त्याबद्दल मी आजही स्वतःला माफ केलेलं नाही.

सासू बायनाबाईनं महाराजांच्या कानाला आधीच लागून सांगितलं होतं, "सून घरात आहे, पण तिचं ध्यान घरात नाई." महाराजांना तेवढं पुरे होतं. लाह्या सोडल्या, त्या चिकटल्या. मग महाराजांनी हात उंचावला. "उजवं बोट आशीर्वादाचं, डावं बोट न्यायाचं!" डावं बोट दोन लाह्यांच्या मधे पाण्याला टेकलं मात्र, कुंकवाची लाही झटक्यानं निसटून परातीच्या काठाला गेली.

"इस औरत का जीव दूसरे में है!"

लहानूनं परातीत वाकून पाहिलं. "कोणात, महाराज?" त्यानं विचारलं. कांता शेजारीच बसली होती. तिनं वर पाहिलं नाही, आणि तिचं गप्प राहणं म्हणजे कबुलीच, असं गावानं ठरवून टाकलं.

"हे पाणी बाटलं," म्हणत महाराजांनी परात उपडी केली आणि नवं पाणी ओतलं.

मी लहानूला आडवी गेले. "बाळंतीण आहे रे ती. असा वेड्यासारखा वागू नको."

"माणसानं सांगतलं असतं तं मानलं नसतं, बाई," तो म्हणाला. "पाण्यानं सांगतलं." त्याच दुपारी त्यानं कांताला आणि पोरीला डोंग्यात बसवून नदीपलीकडे तिच्या आईकडे सोडलं.

चार दिवसांनी शेजारच्या गावी एका बाळंतपणाला गेले होते. बाजूला धान कांडणं चाललं होतं, त्याचा कोंडा उडून हात धुण्याच्या घमेल्यात पडला होता. मी साबणाचं बोट पाण्यात घातलं आणि सगळा कोंडा एकदम बाजूला पळाला. पुन्हा बोट घातलं, तर काही हलेना. पाणी बदललं, तेव्हा पुन्हा पळाला. मी ओले हात घेऊन तशीच उभी राहिले. महाराज पाणी कधी बदलत होते? फक्त डाव्या बोटानंतर!

पुढच्या शुक्रवारी मी पाळीवर गेले आणि म्हटलं, "महाराज, न्याय करण्याआधी डावं बोट धुवा." महाराज शाप द्यायला लागले. मी त्यांचा हात धरून वाटीभर पाण्यात चोळला, तर फेस आला. नखात रिठा भरला होता.

मग मी नवं पाणी घेतलं आणि देवराव आणि चंदाबाईच्या नावानं लाह्या सोडल्या. चाळीस वर्षांचा संसार त्यांचा. माझं साबणाचं बोट टेकताच त्यांच्याही लाह्या पळाल्या.

"काऊन रे बुढ्या," चंदाबाई ओरडली, "तुहा जीव कोणात होय?"

गाव खदखदून हसलं. मी समजावून सांगितलं: पाण्याचा वरचा थर ताणलेला असतो. तो लाहीला सगळीकडून सारखा ओढतो. रिठा लागला की त्या बाजूची ओढ सैल पडते आणि दुसरी बाजू लाहीला ओढून नेते. पाण्याला ना नवरा कळतो, ना बायको. महाराज परात तिथेच टाकून पसार झाले. लहानू तेवढा हसला नाही.

कांताला मी नागपूरला मनोविकाराच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "मेंदू हाही शरीराचाच भाग आहे, सिस्टर. बाळंतपणानंतर शरीरात मोठे बदल होतात, आणि काही जणींचा मेंदू आजारी पडतो. भूक, झोप, आनंद, ओढ, सगळं मंदावतं. प्रेम गेलेलं नसतं, तिला ते जाणवत नसतं. ही बरी होईल." त्यांनी गोळ्या दिल्या, दर महिन्याला बोलावलं. दोन महिन्यांनी मी तिच्या माहेरी गेले, तेव्हा कांता पोरीशी बोलत होती आणि हसत होती.

लहानूला मीच घेऊन गेले. तो अंगणात उभा राहिला. "कांते, चाल घरी. तो महाराज ठग निघाला."

"माहीत आहे. बाईनं सांगतलं."

"मंग काऊन बसली?"

कांतानं पोरीला त्याच्या हातात दिलं. "त्या रोजी मी तुमच्या बाजूले बसली होती, हातभर दूर. तुमी पाण्याले इचारलं, महाराजाले इचारलं. मले नाई इचारलं. मले बोलता नसतं आलं, मी लय अंधारात होती. पण एक डाव म्हटलं असतं ना, कांते, तुले काय होऊन राह्यलं?"

लहानू पोरीला छातीशी धरून लहान लेकरासारखा रडला. कांताही रडली. तिचा जीव त्याच्यातच होता, हे मला तिच्याकडे बघून कळत होतं. पण ती त्या दिवशी आली नाही, आणि नंतरही कधी आली नाही.

लाह्यांची युक्ती मी पुढे कितीतरी गावांत करून दाखवली. लोक टाळ्या वाजवतात. टाळ्या थांबल्या की मी त्यांना सांगते, आपलं माणूस एकाएकी गप्प झालं, जवळ असून परकं वाटायला लागलं, तर ते कोणाचं झालं हे शोधत फिरू नका. त्याला काय होतंय ते त्यालाच विचारा. उत्तर आलं नाही तरी बसून राहा, आणि त्याला दवाखान्यात घेऊन या. आम्हीही आता गोळ्यांची पुडी देण्याआधी नीट विचारू.