दिएपचा चेहरा

मी सायगॉनमधली एक जुनी दुचाकी बोलतेय. माझा निळा रंग आता फक्त सीटखाली उरला आहे. उद्या सकाळी भंगारवाला मला न्यायला येणार आहे. म्हणून आज बोलून घेते. मला माझ्याबद्दल फार काही सांगायचे नाही. मला दिएपबद्दल सांगायचे आहे.

कारखान्यातून निघाल्यावर आधी मी एका शाळामास्तरांकडे होते. ते मला फडक्याने पुसत आणि क्वचितच चालवत. मग त्यांनी मला दिएपला विकले, आणि माझे खरे आयुष्य सुरू झाले.

दिएप झाडू, टोपल्या आणि धूळ झटकायचे पिसांचे कुंचे विकायची. पहाटे ठोक बाजारातून माल घ्यायचा, माझ्या दोन्ही बाजूंना आणि मागे दोरीने बांधायचा आणि शहरभर फिरायचे. मागून बघणाऱ्याला मी दिसायचे नाही आणि दिएपही दिसायची नाही. एक झाडूंचा डोंगर चाललाय असे वाटायचे.

आमच्या शहरातल्या सगळ्या बायकांसारखी तीही घराबाहेर पडताना नखशिखांत झाकून घ्यायची. डोक्यावर कापडी टोपी, कोपरापर्यंत हातमोजे, आणि नाकापासून गळ्यापर्यंत फुलाफुलांचे कापड. उन्हाने काळे पडू नये म्हणून, आणि धुरासाठीही. दिसायचे ते फक्त डोळे.

पोस्टाजवळच्या चौकात लुआन काका बसायचे. बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर, बर्फाच्या कॉफीचा ग्लास पायाशी, गळ्यात कॅमेरा. ते फक्त रस्त्यावरच्या दुचाक्यांचे फोटो काढायचे. एकाच गाडीवरचे पाच जणांचे कुटुंब, बदकांच्या टोपल्या, उभे धरलेले कपाटाचे दार. आम्ही सिग्नलला थांबलो की ते स्टुलावरून उठायचेच.

"दिएप, आज तरी ते कापड खाली कर गं! नुसते डोळे किती काढू?"

"काका, माझं तोंड बघून तुमचा कॅमेरा बंद पडेल. तुम्ही आपले झाडू काढा. झाडू किती छान येतात फोटोत!"

"झाडूंना काय, मी बाजारात जाऊन भेटेन."

"मग या की! दोन घ्या. काकू तुमच्या पाठीत घालायला शोधतच असतील."

सिग्नल सुटायचा. ती हसत निघायची. कापडाखालचे हसू काकांना कधी दिसले नाही. मला दिसायचे. घराच्या गल्लीच्या तोंडाशी ती मला थांबवायची, कापड हनुवटीखाली ओढायची आणि माझ्या आरशात बघून तोंड पुसायची. थकवा घरात न्यायचा नाही, अशी तिची पद्धत होती. मग ती आरशातच एकदा हसून बघायची, जमतेय का ते. तिच्या ओठाची डावी बाजू आधी हसायची, उजवी मागून यायची.

एका पावसाळ्यात शहरात डेंग्यूची साथ आली. दिएपला ताप भरला आणि आठवडाभरात ती गेली. उयेन, तिची मुलगी, तेव्हा सहावीत होती.

शेजारीपाजारी जमले. देव्हाऱ्यावर पूर्वजांशेजारी ठेवायला फोटो हवा होता. तेव्हा कळले, घरात दिएपचा फोटोच नाही. लग्नाचे फोटो मागे भरतीचे पाणी घरात शिरले तेव्हा एकमेकांना चिकटून गेले होते. ओळखपत्रावर होती ती सतरा वर्षांची, डोळे मोठे करून बसलेली कुणीतरी मुलगी.

"ही आई नाहीये," उयेन म्हणाली.

तिचे वडील खांग पंखे दुरुस्त करतात. त्यांनी मला काढले आणि उयेनला मागे बसवून लुआन काकांकडे नेले. काकांनी खोक्यातून दिएपचे सगळे फोटो काढून स्टुलांवर मांडले. पावसातली दिएप, झाडूंमधली दिएप, सिग्नलवर घड्याळ बघणारी दिएप. प्रत्येकात तेच फुलाफुलांचे कापड.

काकांचा हात कॅमेऱ्यावरच राहिला. "मी रोज म्हणायचो तिला," ते एवढेच बोलले.

उयेनने एक फोटो उचलला. "बाबा, हा ठेवू या. डोळे किती आईसारखे आहेत!"

खांगनी तो बराच वेळ बघितला. मग हळूच म्हणाले, "तोंड झाकलंय गं. आपण तिच्यापुढे भात ठेवणार. ती जेवणार कशी?"

उयेनने तो फोटो तरीही बरोबर घेतला.

आमच्या गल्लीत एक आजोबा कोळशाच्या पुडीने मृतांची चित्रे काढून देतात. ते म्हणाले, डोळे या फोटोतून घेतो, कपाळ ओळखपत्रावरून. नाक आणि तोंड मुलीचे बघून काढतो. उयेन त्यांच्यासमोर बसली. मी दारातच उभी होते.

"हसायची कशी?" आजोबांनी खांगना विचारले.

"अशी... नाही, अशी नाही. जरा..." खांग हवेत बोट फिरवत राहिले. मग त्यांनी तोंड फिरवले. "साधीच हसायची हो. चांगली."

डावी बाजू आधी, मी म्हणत होते. पण माझा आवाज फक्त इंजिनातून निघतो, आणि इंजिन बंद होते.

चित्र देव्हाऱ्यावर लागले. खांगनी चिंचेच्या आंबट रश्श्यातला मासा आणि गरम भात पुढे ठेवला, उदबत्ती लावली. उयेन चित्राकडे बघत राहिली.

"बाबा, हे तोंड माझं आहे."

"असू दे," खांग म्हणाले. "तुझ्या तोंडानं जेवेल ती."

आमच्याकडे देव्हारा पुढच्या खोलीत असतो, आणि रात्री गाड्याही तिथेच आत घेतात. त्यामुळे एवढी वर्षे मी त्या चित्रासमोरच उभी आहे. उयेन मोठी झाली, मला चालवू लागली. तिचा चेहरा चित्रासारखा होत गेला आणि आता दोन्ही अगदी सारखे आहेत. पाहुणे आले की खांग म्हणतात, "दिएप हुबेहूब अशीच होती." ते खोटे बोलत नाहीत. त्यांना आता चित्रातलीच दिएप आठवते. वाकडे हसणारी दिएप या घरात फक्त माझ्याकडे आहे, आणि उद्या मी जाणार.

उयेनने नवी गाडी घेतली आहे. तीही बँकेत कामाला जाताना हेल्मेटखाली नाकापर्यंत कापड बांधते. तिला लहान मुलगा आहे. तो तिचे कापड ओढतो तेव्हा ती त्याच्या हातावर चापटी मारते.

उयेन, माझे भंगारात काय व्हायचे ते होवो. पण लुआन काका अजून त्या चौकात बसतात. थकलेत, आता स्टुलावरून उठवत नाही त्यांना. उद्या तिथे गाडी बाजूला घे. उन्हाची पर्वा करू नकोस. कापड काढ, मुलाला पुढे उभा कर, आणि काकांकडे बघून तुझे स्वतःचे हसू हस.