बसू नका

श्लेपलिफ्टवर बसायचं नसतं. एवढी साधी गोष्ट, पण अख्खा सीझन घसा कोरडा केला तरी ती माणसांच्या डोक्यात शिरत नाही. वर फिरणाऱ्या दोराला दांड्या लटकलेल्या असतात आणि दांडीच्या टोकाला आडवी पट्टी असते, तिला म्हणतात ब्यूगल. ती पाठीमागे टेकली की नुसतं उभं राहायचं, लिफ्ट तुम्हाला स्कीसकट ओढून डोंगरावर नेते. बसलात की पट्टी खाली जाते आणि तुम्ही बर्फात. माझं काम म्हणजे येईल त्याच्या मागे ब्यूगल लावायचा आणि जर्मनमध्ये ‘बसू नका’ असं ओरडायचं.

दक्षिण जर्मनीतल्या आल्गॉयमधल्या एका गावात मी २००६चा हिवाळा काढला. हायडेलबर्गला थीसिस देऊन झाला होता आणि निकालाला वेळ होता. राहायला स्की भाड्याने देणाऱ्या दुकानावरची खोली होती. तिला कायम ओल्या बुटांचा वास. खोलीत माझ्याबरोबर दानुता नावाची पोलिश मुलगी होती, ती हॉटेलच्या रिसेप्शनला कामाला. नागपूरला बाबांना मात्र मी सांगितलं होतं की रिसेप्शनला मी असते. बाबा, म्हणजे यादवराव, निवृत्त हेडमास्तर. मुलगी जर्मनीत शिकून लोकांच्या बुडाला दांड्या लावते, हे त्यांना सांगायची माझी छाती होत नव्हती. वाईट म्हणजे मला ते काम भलतंच आवडत होतं. बँकेचा मॅनेजर असो की शाळेतलं पोर, पहिल्या झटक्यात माणूस कसा आहे ते कळतं.

फेब्रुवारीत बाबांनी फोनवर स्थळ सांगितलं. उज्ज्वल, वोल्फ्सबुर्गला इंजिनियर, आपल्याच ओळखीतला, आणि वर स्कीइंगही उत्तम करतो म्हणे. ही शेवटची माहिती त्याच्या हर्षावहिनींची. त्या नेकारसुल्मला राहायच्या आणि त्यांनीच हा घाट घातला होता. शनिवारी चार वाजता हॉटेलच्या कॅफेत सगळे भेटणार होते आणि संध्याकाळी मी बाबांना उत्तर द्यायचं होतं. मला नवरा नको होता असं नाही. पण ज्याच्यासमोर जन्मभर रिसेप्शनवर उभं राहावं लागेल, असा नको होता. म्हणून उत्तर मी आधीच ठरवून ठेवलं होतं. नाही.

शनिवारी सकाळी मंडळी लवकरच उगवली आणि थेट माझ्या लिफ्टवर आली. वहिनी कोको घेऊन गच्चीवर उन्हात बसल्या. त्यांचे यजमान जीवनराव आणि उज्ज्वल रांगेत. फोटो मेलवर आलेला असल्यामुळे मी ओळखलंच. मला ओळखायला मात्र काही उरलंच नव्हतं. डोक्यावर टोपी, डोळ्यांवर गॉगल, नाकापर्यंत मफलर आणि लिफ्ट कंपनीचं लाल अनोराक जॅकेट. त्यांच्या लेखी मी लिफ्टवरचा कोणीतरी जर्मन पोरगा.

दोघेही मोटारींच्या कारखान्यातले इंजिनियर. त्यामुळे ब्यूगलची स्प्रिंग आत कशी गुंडाळली जात असेल, यावर मागची रांग खोळंबवून मराठीत चर्चा झाली. चर्चेअंती तो वजन पेलू शकतो असा निष्कर्ष निघाला आणि दोघे पाहुण्यांच्या सोफ्यावर टेकावं तसे ऐसपैस बसले. पुढच्या क्षणी दोघे पालथे. जीवनरावांनी गुडघा चोळत माघार घेतली. जाताना उज्ज्वलला बजावून गेले, की संध्याकाळी दोनदा वर जाऊन आलो असंच सांगायचं.

“मुलगी रिसेप्शनला आहे,” उज्ज्वल बर्फ झटकत म्हणाला. “तिला इथलं काय दिसतंय?”

हे ऐकून माझ्या अंगात आलं. दुसऱ्या वेळी त्याच्या मागे ब्यूगल लावला आणि ओरडायचं ते मुद्दाम विसरले. गडी बसला, आपटला, एक स्की एकीकडे आणि टोपी दुसरीकडे. मला मफलरच्या आत हसू आवरेना. म्हटलं, आता चिडेल, लिफ्टला नावं ठेवेल, मला दोन शब्द सुनावेल.

त्यातलं काहीच झालं नाही. तो पडल्या पडल्या स्वतःशीच खो खो हसत होता. उठला, मागच्या लोकांची माफी मागितली, ‘डांके’ म्हणून माझे आभार मानले आणि मुकाट्याने रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. पुन्हा आला. या वेळी मी जर्मनमध्ये नीट ओरडले, तरी सवयीने बसला आणि पडला. पुन्हा रांगेच्या शेवटी. मला राग यायला लागला होता, आणि तो नेमका कशाचा ते कळत नव्हतं. चौथ्या वेळी त्याचे गुडघे वाकताना दिसले आणि माझा तोल सुटून मराठीच बाहेर पडलं.

“अहो, बसू नका! उभे राहा ना सरळ!”

तो ताठ उभा राहिला, धक्क्यानेच. ब्यूगल बरोबर टेकला आणि लिफ्ट त्याला घेऊन निघाली. तो मान वळवून माझ्या गॉगलकडे बघत बघत वर गेला. वरून स्की करत उतरणं शक्यच नव्हतं. अर्ध्या तासाने, दोन्ही स्की खांद्यावर घेऊन, उताराच्या कडेकडेने चालत सगळ्यांच्या देखत खाली आला. माझ्याकडे बघितलंही नाही.

चार वाजता मी दानुताचा स्कार्फ गुंडाळून आणि छातीवर तिचा रिसेप्शनचा बिल्ला लावून कॅफेत गेले. सकाळी नाही म्हणायचं ठरलेलं होतं, आता हा मला नाही म्हणेल अशी भीती वाटत होती. जय भीम झाले. वहिनींनी रिसेप्शनचं काम कसं असतं विचारलं, मी छान उत्तर दिलं. जीवनरावांनी दोनदा वर जाऊन आल्याचं सांगितलं. उज्ज्वल खुर्ची धरून उभाच होता. वहिनी म्हणाल्या, अरे बस ना.

त्याने माझ्याकडे बघितलं.

“बसू का?” त्याने अगदी गंभीरपणे विचारलं.

तो आणखी एक शब्द बोलला नसता. वहिनींना कधीच काही कळलं नसतं. मी छातीवरचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला.

“बसा,” मी म्हटलं. “इथे चालतं. लिफ्टवर मात्र मी परत सांगणार नाही.”

वहिनींचा चमचा कपातच राहिला. जीवनराव गुडघा चोळू लागले.

संध्याकाळी बाबांना फोन केला. आधी लिफ्टचं सगळं सांगितलं, मग मुलाचं. मुलाला स्कीइंग येत नाही, तीनदा पडला, हेही सांगितलं. आता थीसिस निघणार, हायडेलबर्ग निघणार, असं वाटून मी फोन घट्ट धरला.

“उठताना कोणावर चिडला?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“आणि तुझं काम बघूनही चहाला आला?”

“आला. कॉफीला.”

“मग मला काय विचारतेस,” बाबा म्हणाले. “आणि ती दांडी नेमकी लावतात कुठे, ते जरा नीट सांग.”