साहेबांचा शेमला

सकाळपासून अल्लाउद्दीननं चव्वेचाळीस फेटे बांधले, तरी रांग संपेना. राजारामपुरीतल्या हॉलमध्ये चौदा देशांची तरणी पोरं जमली होती, बालहक्कांवर बोलायला. स्टेजवर भला मोठा फलक: 'मुलांचा आवाज, मुलांचा सहभाग'. पण कोल्हापुरात पाहुणा आला की आधी डोक्याला फेटा लागतो, बाकीचं मग.

बत्तीस वर्षं अल्लाउद्दीन लोकांची डोकी बांधत होता, आणि तेवढीच वर्षं खोड्या काढत होता. एकदा नवरदेवाच्या फेट्यात त्यानं त्याचाच मोबाईल गुंडाळला. ऐन अक्षतांच्या वेळी तो वाजायला लागला आणि नवरदेव आपला खिसे चाचपतोय. आज मात्र त्याचं चित्त खोड्यांत नव्हतं. पुढच्या रांगेत त्याची भाची बसली होती, शबनूर.

तेरा वर्षांची पोर, सातवीतली. आजऱ्याकडच्या वाडीतली त्यांची शाळा अकरा पोरांची. ती बंद करून पोरांना सात किलोमीटरवरच्या शाळेत घालायचं चाललं होतं. वाट जंगलातली, गव्यांची. तिच्या आईनं, सुलतानबीनं, सरळ सांगून टाकलं होतं, "शाळा ऱ्हायली तर शाळा. न्हाय तर माझ्यासंगं काजूच्या फॅक्टरीत. गव्याच्या तोंडाला पोरगी द्यायची न्हाय मला." आज शबनूरला बोलायला तीन मिनिटं मिळाली होती. आणि ज्यांच्या सहीवर ती शाळा होती, ते शिक्षण खात्याचे साहेबच प्रमुख पाहुणे होते.

शबनूर उठून त्याच्याजवळ आली. "मामू, किती डोकी ऱ्हायली?"

"धा."

"जरा हात उचला की. फेटे झाल्यावर सत्कार, सत्कार झाल्यावर आमी."

"उचलतोयच की. पर ह्या पावण्याचं डोकं बघ, कलिंगड हाय निसतं. धा मीटर कापड पुरंना."

पावणा जर्मनीचा होता. तो गोड हसला आणि सेल्फी नीट आला नाही म्हणून फेटा परत बांधून मागितला.

फेटे संपले. मग शाली, नारळ, स्मृतिचिन्हं. नारळ घेताना फोटो, नारळ देताना फोटो. साडेबारा वाजले तशी सूत्रसंचालन करणाऱ्या संयोगिता मॅडमनी माईक घेतला. "वेळेअभावी मुलांची मनोगतं जेवणानंतर होतील."

स्टेजच्या पायरीवर उभ्या साहेबांच्या ड्रायव्हरनं मनगटावरचं घड्याळ दाखवलं. साहेबांना वारणानगरला दुसरा कार्यक्रम होता. जेवणानंतर साहेब कुठले?

शबनूरनं मामूकडं बघितलं.  अल्लाउद्दीननं आपल्या हातांकडं बघितलं. पोरीची वेळ खाल्ली कुणी? त्याच्याच हातांनी, चोपन्न फेट्यांनी.

साहेबांचा फेटा तेवढा बांधायचा राहिला होता. शेवटचा, मानाचा. अल्लाउद्दीन त्यांच्या खुर्चीमागं गेला. पीळ घातला, तुरा काढला, पाठीवर शेमला सोडला. खुर्चीला पांढरं कव्हर होतं. त्यानं तोंडातली सेफ्टीपिन काढली आणि शेमला कव्हराला टाचून टाकला. एकीवर भागेना म्हणून आणखी दोन मारल्या.

साहेब हात जोडून उठले आणि त्यांच्यासोबत खुर्चीही उठली. मान मागं ओढली गेली. साहेब धप्पकन बसले.

संयोगिता मॅडमना वाटलं, साहेबांचा विचार बदलला. "बघा," त्या माईकवर म्हणाल्या, "मुलांसाठी साहेब थांबतायत." चौदा देशांनी टाळ्या वाजवल्या. आता साहेब कसले उठतायत.

पहिलं नाव शबनूरचं आलं. पाठ केलेलं छापील मराठी ती माईकपाशी जाईपर्यंत विसरली.

"आमच्या शाळंत अकरा पोरं हायत. नवी शाळा लांब हाय. वाटंत गवं असत्यात. गेल्या साली पोस्टमन काकांस्नी शिंग लागलं. आमी चौघी पोरी हाय, त्यातली एक बी नव्या शाळंत जाणार न्हाय. मी फॅक्टरीत जाणार. आमची शाळा ऱ्हाऊ द्या." तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. "माझं दीड मिनिट उरलंय. ते साहेबांचं." आणि तिनं माईक साहेबांपुढं धरला.

कोपऱ्यात अल्लाउद्दीनला वाटलं, जमलं. बत्तीस वर्षांत इतकी बेस खोडी झाली नव्हती.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी माईक बाजूला सारला, तिला जवळ घेतलं आणि हळू आवाजात बोलले. "छान बोललीस, बाळ. पण आदेश गेल्या सोमवारीच निघाला. गुरुजींना मिळाला असेल." मग फोटोवाला आला, म्हणून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती फोटोत मान खाली घालून आहे.

कव्हर फाटलं तेव्हा कुठं साहेब सुटले. "शेमला अडकला कसा हो?" त्यांनी विचारलं.

"खुर्ची सोडंना झाली, साहेब," अल्लाउद्दीन म्हणाला. साहेब हसले. तो हसला नाही.

आजऱ्याच्या एसटीची वाट बघत दोघं स्टँडवर बसले. शबनूरच्या मांडीवर 'सक्रिय सहभाग' लिहिलेलं प्रमाणपत्र होतं. साहेब काय म्हणाले ते तिनं मामूला सांगितलं. मग मूठ उघडली. आत तीन सेफ्टीपिना होत्या, फाटक्या कव्हरातून काढलेल्या.

"ह्या तुमच्या."

"बेस अडकवला हुता न्हवं?"

"व्हय."

सुलतानबीचा फोन आला. "काय म्हनलं रं साहेब?" अल्लाउद्दीननं जन्मभर येईल त्याला थापा मारल्या होत्या. आता तोंड उघडलं तर एकही येईना.

शबनूरनं त्याच्या हातातला फोन घेतला.

"छान बोललीस म्हनले, अम्मी."  "फॅक्टरीतल्या बाईंना सांग, सोमवारपासनं येते. आन त्यांना इचार, हातमोजं बारक्या मापाचं हायत का. तुजं मला ढगळ हुत्यात, काजूचा चीक आत जाऊन भाजतंय."