उजव्या बाजूचा खिसा

“चित्रकार बायकांचे शर्ट घालायचे का?”

वाचनालयाच्या भरल्या सभागृहात, माइक हातात घेऊन, मी हा प्रश्न विचारला. प्रश्न खरं तर पोपटचा. पोपट म्हणजे माझी मैत्रीण. तोंड मिटत नाही म्हणून पोपट. बाबांच्या अजून छापायच्या नव्या पुस्तकाचं मुखपृष्ठ आमच्या सोफ्यावर पडलं होतं, त्यावरचा चित्रकाराचा फोटो बघून ती खिदळत सुटली होती. “अगं, खिसा बघ कुठल्या बाजूला! बटणंसुद्धा उलटी! हा तर माझ्या ताईचा शर्ट!” मग सगळ्या मैत्रिणींनी मिळून मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. हिंमत असेल तर भर कार्यक्रमात विचार म्हणे. गेल्या वर्षीची मी असते तर खुर्चीखाली शिरले असते. हल्ली मात्र कुणी ‘हिंमत असेल तर’ म्हटलं की मला विचारायच्या आधीच माझे पाय उभे राहतात.

सभागृह हसलं. बाबाही हसले. “कलावंत माणूस! हाताला लागेल तो शर्ट चढवत असणार,” ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. पोपटने मागून अंगठा दाखवला.

फक्त आई हसली नाही. ती पडद्यावरच्या फोटोकडे बघत होती. सुरी लागल्यावर रक्त यायच्या आधी आपण बोटाकडे बघतो ना, तशी.

मी माइक खाली ठेवला.

आमचे बाबा चरित्रं लिहितात, तीही लोक विसरून गेलेल्या माणसांची. या चित्रकाराच्या मागे ते मी बोबडं बोलायचे तेव्हापासून आहेत. छपाईसाठी पानं लावणं, जुने फोटो साफ करणं हे आईचं खातं. चित्रकाराचा काम करतानाचा एकच फोटो मिळाला होता, तोही निगेटिव्हच्या एका तुकड्यावर. त्यात ब्रश डाव्या हातात. बस! त्या ब्रशवरून बाबांनी अख्खं प्रकरण उभं केलं. डाव्या हातावर बसलेल्या छड्या, त्यातून आलेला हट्ट, त्या हट्टातून आलेली चित्रं. पुस्तकाचं नावही ‘डावखुरा’.

आणि मी डावखुरी. बाकावर माझं कोपर शेजारणीला लागायचं, वहीवर शाई फासली जायची, “उजव्या हाताने दे गं” हे तर पाठच झालं होतं. ते प्रकरण मी बाबांच्या टेबलापाशी उभ्या उभ्या वाचलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात ताठ मानेने डावा हात वर केला. म्हणजे माझी सगळी ऐट त्या चित्रकाराची उधारी होती म्हणा ना.

कार्यक्रम संपताच आम्ही घरी आलो. बूट न काढता आई सरळ कपाटाकडे गेली. निगेटिव्हचं पाकीट काढून खिडकीपाशी उभी राहिली.

“काय चाललंय?” बाबा म्हणाले.

“कडेला आकडे असतात. फिल्मचे,” आई म्हणाली. “ते सरळ वाचता येतील तशी धरायची असते.” तिने तुकडा उजेडात धरला, मग सावकाश उलटा केला. “आता बघ.”

मी बाबांच्या काखेखालून डोकं घातलं. आकडे सरळ झाले होते. खिसा डाव्या छातीवर आला होता. आणि ब्रश उजव्या हातात.

“मी उलटी बाजू स्कॅन केली,” आई म्हणाली. “चूक माझी.”

बाबा खुर्चीत बसले नाहीत, खुर्ची त्यांच्याखाली आली. “उद्या सकाळी संपादकबाई येतायत. फाइल थेट छापखान्यात जाणार आहे.”

“माहीत आहे.”

“त्यांनी पुस्तक घेतलंच त्या प्रकरणासाठी. ते काढलं तर काय उरतं? चित्रं काढणारा एक माणूस!”

“तोच तर होता ना तो!”

“कुणाला कळणार आहे?” बाबांचा आवाज चढला. “आज दीडशे माणसं बसली होती. सगळी हसली! एकाला तरी कळलं?”

“मला कळलं,” आई म्हणाली.

“छड्या मी लिहिल्या नसत्या, तू तो फोटो दिला नसतास तर!”

“फोटोत ब्रश होता. छड्या नव्हत्या.”

हे बसलं. एरवी दोघं अशी तलवारबाजी करायला लागली की मी पॉपकॉर्न घेऊन बसल्यासारखी मजा बघते. आज तशी मजा वाटेना. मग बाबांनी माझ्याकडे बोट केलं.

“आणि हिचं काय? ते प्रकरण वाचून पोरगी कशी खुलली, पाहिलंस ना? तिला आता सांगायचं, तुझा डावखुरा कुणी नव्हताच? मी नाही सांगणार. फाइल जाईल, आहे तशी.”

आईने निगेटिव्ह परत पाकिटात सरकवली. माझं नाव निघालं की ती नेहमी अशीच विरघळते. माझ्या लक्षात आलं, एक खोटं छापलं जाणार होतं आणि त्याला टेकू म्हणून बाबा मला उभं करत होते.

खरं सांगू? क्षणभर वाटलं, जाऊ दे. राहू दे तो डावखुरा. माझं काय बिघडतंय?

पण मग त्याची रेखाटनं आठवली. मी ती कितीदा गिरवली होती. त्याच्या छायेच्या तिरक्या रेघा माझ्या हाताला कायम उलट्या जायच्या. मला वाटायचं, मलाच जमत नाही; तो डावखुरा असून जमवतो आणि मी ढ. किती कागद फाडले होते मी त्यापायी! हा हात उजवा आहे, हे त्या रेघा पहिल्या दिवसापासून सांगत होत्या, आणि घरात कुणीच ऐकलं नव्हतं. मीसुद्धा.

“बाबा,” मी म्हटलं. आईच्या हातातलं पाकीट मी काढून घेतलं. “मला तो खूप आवडायचा. आज रात्री मी उशीत तोंड खुपसून रडणार आहे, कुणी दार वाजवू नका. पण माझ्या नावावर हे खपवायचं नाही.”

“अगं, तुला काय कळतंय यातलं...”

“प्रकरण गाळा, नवीन लिहा, नाहीतर संपादकबाईंशी भांडा. ते तुमचं तुम्ही बघा. पण उद्या बेल वाजली की दार मी उघडणार. आणि आत घ्यायच्या आधी ही निगेटिव्ह त्यांच्या हातात देणार. मी ठरवलंय.”