मागचा धुरा

गुणवंतरावांच्या अंगणात एक डॉज पिकप उभी होती, आणि उभीच होती. आरमोरीत त्यांच्या घराचा पत्ता सांगायचा झाला तर लोक सांगत, "जिथी गाडी जात नाई ना, थेच घर." असलं रोज ऐकून घ्यायला मोठं काळीज लागतं. गुणवंतरावांकडे ते होतं.

गाडी लढाईच्या काळातली. मिल्ट्रीच्या लिलावात बांबूच्या एका ठेकेदारानं अशा दोन जुळ्या बहिणी घेतल्या होत्या. त्यातली एक गुणवंतरावांनी वीस-बावीस वर्षं हाकली. अहेरीपासून सूरजागडच्या पायथ्यापर्यंत असा नाला नसेल, जिथं ती फसली नाही आणि त्यांनी ती काढली नाही. पुढं ठेकेदारानं धंदा आवरला. जाताना म्हणाला, "गुणवंता, हिले तूच ने. भंगारात द्याले मन नाई होत." दुसरी बहीण पडून राहिली त्याच्या बंद आरामशीनवर, म्हणजे लाकूड कापायच्या गिरणीवर, चिंचेखाली. ती आरामशीन गुणवंतरावांच्या साळ्याच्या, म्हणजे पत्रूच्या गावात. हे तेवढं ध्यानात असू द्या, पुढं लागणार आहे.

शहाऐंशी सालच्या बुद्धपौर्णिमेला गुणवंतरावांनी गाडीला हात घातला. सोबतीला सुकलू मिस्त्री. हा बल्लारपूरच्या गॅरेजात बारा वर्षं राहून आलेला, त्यामुळे त्याला गाडीविषयी मराठीत बोलताच येत नसे. पोटात दुखलं तर मराठीत सांगायचा, इंजिनाचं दुखणं मात्र हिंदीतच. दोघांनी इंजिन उतरवलं, व्हॉल्व घासले, गंजलेला पत्रा ठोकून सरळ केला. मागच्या डाल्याला, म्हणजे माल भरायच्या हौद्याला, सागाच्या फळ्या बसवल्या. सीटच्या आत काही उरलंच नव्हतं, म्हणून गुणवंतरावांच्या बायकोनं, इंदुताईंनी, सावरीचा कापूस भरून नवी गादी शिवली. गादी बसली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांची कोंबडी येऊन तिच्यावर अंडी उबवायला बसली. एकवीस दिवस काम बंद!

"अवो, हुसका ना तिले," सुकलू वैतागला.

"खबरदार!" इंदुताई म्हणाल्या. "या गाडीत आजवर कोणी तरी सुखानं बसलं का? बसू द्या तिले."

बोलायला हे हसण्यावारी होतं. पण गुणवंतराव हसले नाहीत. ते उठून उगाचच पान्यांचा डबा आवरत बसले.

त्याचं कारण सांगतो. एकोणीस वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात, भर दुपारी इंदुताई मोहाच्या फाट्यावर उभ्या होत्या. कडेवर तापानं फणफणलेली रंभा, त्यांची लेक. एसटी चुकलेली. तेवढ्यात ही पिकप आली. गुणवंतराव चालवत होते, कडेच्या सीटवर ठेकेदार, आणि दोघांच्या मध्ये ठेकेदाराचा कुत्रा, मोठ्या ऐटीत. ठेकेदाराचा हुकूम एकच होता: ड्रायव्हरनं गाडीत आपल्या घरचं माणूस बसवायचं नाही. गुणवंतरावांचा पाय ब्रेककडे गेला. ठेकेदारानं नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. पाय परत आला. मागं फुफाट्याचा असा लोट उठला की आरशात बायको दिसेना की लेक दिसेना.

रंभा दोन दिवसांत बरी झाली, मोठी झाली, लग्न होऊन तिकडे मूलला नांदतेही आहे. त्या दुपारबद्दल इंदुताई एका शब्दानं बोलल्या नाहीत. एकदा तरी भांडली असती, तोंडावर बोलली असती, तर बरं झालं असतं. न बोललेल्या गोष्टीची माफी मागायची तरी कशी? गुणवंतरावांच्या मनात ती दुपार कुसळासारखी रुतून बसली होती.

म्हणून हा सारा खटाटोप. येत्या सोळा ऑक्टोबरला चांद्याच्या धम्मदीक्षेला तीस वर्षं होत होती. छप्पन साली इंदुताई नऊ वर्षांच्या होत्या. बापाच्या बैलबंडीत बसून, नवा पांढरा झगा घालून चांद्याला गेल्या होत्या आणि तिथं दीक्षा घेतली होती. त्यानंतर दरवर्षी एसटीनं जात, बहुतेक उभ्यानंच. गुणवंतरावांनी भर मोहल्ल्यात सांगून टाकलं, "यंदा इंदू चांद्याले गाडीत जाईल. समोरच्या सीटवर."

आणि दहा तारखेला गाडी सुरू झाली! निळा रंग चढवलेली, आरशासारखी लखलखीत. इंजिन असं गरजलं की शेजारची म्हैस दावं तोडून पळाली. गुणवंतरावांनी गिअर टाकला, क्लच सोडला... खाडकन् आवाज झाला. इंजिन गरजतंय, गाडी जागची हलत नाही.

सुकलू खाली शिरला आणि कपाळ बडवत बाहेर आला. "गया, भाऊ. पिछला धुरा गया. दो टुकडे."

मागच्या चाकाला फिरवणारा लोखंडी दांडा तो. त्यावाचून गाडी म्हणजे शोभेचा देव्हारा. चांद्याच्या भंगार बाजारात असल्या म्हाताऱ्या गाडीचा धुरा मिळायचा नाही. पण पत्रूच्या गावी जुळी बहीण पडली होतीच. गुणवंतरावांनी स्टँडवर जाऊन तिकडे जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरला, मुखरूला गाठलं.

"मुखरूभाऊ, आमच्या पत्रूले निरोप द्या. म्हनावं, भाऊजीले मागचा धुरा पायजे. सोळा तारखेच्या आत पायजे. उशीर करू नको."

मुखरू इमानी माणूस. शब्द ना शब्द तसाच पोचवला. आणि तिथंच घात झाला.

कारण गुणवंतराव जातीचे ड्रायव्हर. आयुष्य मिस्त्री लोकांत गेलेलं. धुरा म्हटलं की त्यांना चाक दिसे. पत्रू शेतकरी. आमच्या भागात शेतकऱ्याच्या घरी धुरा म्हणजे वावराचा बांध. धानाच्या खाचराला लागून असलेला, वर तुरी लावलेला. त्या वीतभर धुऱ्यापायी इथं सख्ख्या भावांची डोकी फुटतात, तीन-तीन पिढ्या बोलणं बंद राहतं. आणि बहिणीच्या नवऱ्याचा निरोप येतो: मागचा धुरा पायजे, सोळाच्या आत. आता बोला!

दोन दिवसांनी गुणवंतराव गाडीखाली उताणे पडून तुटका तुकडा ओढून काढत होते. इंदुताई विहिरीवर गेल्या होत्या. एवढ्यात गाडीशेजारी दोन पाय येऊन थांबले. चिखलानं भरलेले, आणि पायांच्या बाजूला काठीचं टोक.

"जय भीम, भाऊजी."

आवाज ओळखीचा. "जय भीम, पत्रू! आला का? भेटला निरोप?"

"भेटला. धुरा पायजे म्हने तुमाले."

"हो ना बाबा. मागचा. समोरचा सध्या बरा हाये."

काठीचं टोक जमिनीत रुतलं. "म्हंजे समोरच्यावर बी डोळा हाये?"

"आता नाई लागत. पुढं पाहू."

"किती पायजे?"

"किती म्हंजे? पुरा! अर्धा धुरा घेऊन मी काय करू?"

"भाऊजी, त्याच्यावर तुरी हायेत!"

गुणवंतरावांना वाटलं, चिंचेखाली पडलेल्या गाडीत उगवलं असेल काही तरी. "मंग उपटून टाक ना. माती लागली असंल थे पुसून घे, वरून तेल लाव, आन डोक्यावर घेऊन ये. तुले काय जड हाये?"

पत्रू बहिणीला बाई म्हणत असे. त्यानं खालच्या आवाजात विचारलं, "बाईले मालूम हाये हे?"

"अरे, तिच्याच्यासाठीच त करून राह्यलो सारं!"

झालं. काठी खाली पडली. आणि काठीपाठोपाठ पत्रूही मटकन् अंगणात बसला. तेव्हा कुठं गुणवंतरावांना त्याचा चेहरा दिसला. पत्रू रडत होता. एवढा थोरला, मिशाळ गडी, लहान पोरासारखा.

"भांडाले आल्तो, भाऊजी," तो म्हणाला. "काठी घेऊन आल्तो. सारी वाट मनात शिव्या गोळा करून राह्यलो. पन एसटीत बसल्या बसल्या याद आली. बापानं बाईले लग्नात गाय देतो म्हनलं होतं. दिली नाई. मी बी कधी विचारलं नाई, बाई, तुले काई पायजे का? तिनं आजवर तोंड उघडून एक गोष्ट मांगली नाई. आन आज मांगते त वीतभर धुरा! घ्या, भाऊजी. मागचा घ्या, समोरचा घ्या. पटवाऱ्यापाशी चाला, मी अंगठा देतो."

गुणवंतराव सरपटत बाहेर आले. तोंड ग्रीसनं काळंकुट्ट, त्यात फक्त डोळे पांढरे. "कोनता धुरा म्हनतं तू?"

"वावराचा. दुसरा कोनता?"

गुणवंतरावांनी हातातला लोखंडी तुकडा त्याच्यापुढं धरला. "हा! हा धुरा, बाबा! गाडीचा! तुमच्या आरामशीनवर दुसरी गाडी पडली हाये ना, तिच्यातला!"

पत्रूनं लोखंडाकडे पाहिलं, भाऊजींकडे पाहिलं, पुन्हा लोखंडाकडे. मग जे हसणं सुटलं दोघांना! सुकलू धावत आला, त्यालाही काही न कळता हसू फुटलं. तोवर इंदुताई भरली घागर घेऊन दारात उभ्या होत्या. कधीपासून उभ्या होत्या देव जाणे. त्यांनी घागर उतरवली, पदरानं डोळे पुसले.

"हसनं झालं का?" त्या म्हणाल्या. "पत्रू, दिलेला धुरा मी वापस नाई करत हो."

"अवं बाई, पन..."

"पन नाई न् बिन नाई. धुरा तुझ्याच वावरात राहू दे. त्याच्यावरच्या तुरी माह्या. दरसाली माह्या घरी आनून टाकशील."

"आनतो," पत्रू म्हणाला. "जीव असेपर्यंत आनतो." आणि चहासुद्धा न घेता, काठी तिथंच विसरून, तो स्टँडकडे पळाला. उरलेले दिवस होते तीन.

गुणवंतरावांना मग सुख लागेना. त्या जुळ्या गाडीचा धुरा गंजून अडकला असला तर? पत्रूनं ठोकून वाकवला तर? तेरा गेली. चौदा गेली. पंधराच्या दुपारी मोहल्ल्यातला एक जण मुद्दाम विचारून गेला, "काहो, एसटीच्या तिकिटाचं पाहून ठेवलं ना?" गुणवंतराव पुन्हा गाडीखाली शिरले. त्यांची जेवणावरची वासनाच उडाली होती.

चार वाजता पत्रू आला. सायकलवर. सायकलच्या दांड्याला धोतरात गुंडाळून, तान्ह्या पोराला बांधावं तसा धुरा बांधलेला. हाताची सालटी निघालेली. "पुसला," तो धापा टाकत म्हणाला. "तेल बी लावलं. तुरी मात्र नाई उपटल्या."

दिवस मावळायच्या आत सुकलूनं धुरा बसवला. गुणवंतरावांनी गिअर टाकला, डोळे मिटून क्लच सोडला. डोळे उघडले तेव्हा गाडी फाटकाबाहेर होती. मागं मोहल्ल्यातली पोरं बोंबलत पळत होती.

सोळाच्या सकाळी इंदुताई पांढरं लुगडं नेसून समोरच्या सीटवर बसल्या. मागं डाल्यात पत्रू, फळीला पाठ लावून. गडचिरोलीची वाट धरली. दोन्ही बाजूंना धान पिवळं व्हायला लागलं होतं. गुणवंतराव गाडी अशी जपून हाकत होते, जणू अंगावर कोणी झोपलं आहे. इंदुताई बाहेर धानाकडे पाहत होत्या. त्यांना बरं वाटतंय की नाही, ते कळेना.

मोहाचा फाटा आला. गुणवंतरावांनी नजर सरळ पुढं ठेवली.

"थांबवा," इंदुताई म्हणाल्या.

"काऊन? धुऱ्याचा आवाज येते का?"

"थांबवा म्हनलं ना."

गाडी थांबली. इंदुताई उतरल्या, पिशवी घेतली, रस्त्याच्या कडेला मोहाखाली जाऊन उभ्या राहिल्या. अगदी त्याच जागी.

"जा मागं," त्या म्हणाल्या. "पुलापर्यंत जा, वळवा, आन या पुन्हा."

"बाई, येडी झाली का?" पत्रू मागून ओरडला.

"तू गप बस. जा हो तुमी."

गुणवंतराव गेले. पुलावर गाडी वळवली. रिकाम्या रस्त्यावर उगाच हॉर्न वाजवला. फाटा जवळ आला. मोहाखाली पांढरं लुगडं दिसलं. पाय ब्रेकवर गेला, आणि या वेळी तिथंच राहिला.

गाडी बरोबर इंदुताईंसमोर थांबली. गुणवंतराव वाकले, पलीकडचं दार उघडलं. आणि म्हणाले, "बाई, कुठी जायचं?"

"चांद्याले. जागा हाये का?"

"हाये. तुमच्यासाठीच ठेवली."

इंदुताई चढल्या, ऐसपैस बसल्या, पदर सावरला. मग मान वळवून मागच्या डाल्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "यंदा कुत्र्याले मागं बसवलं वाटते."

"कोन कुत्रा?" पत्रू मागून ओरडला. "ओ बाई, कोन कुत्रा?"

गुणवंतरावांना हसू आवरेना आणि रडूही आवरेना. एकोणीस वर्षं! कुत्र्यासकट ध्यानात ठेवलं होतं बाईनं. "इंदू, त्या दिवशी मी..." ते म्हणायला गेले.

"चाला आता," इंदुताईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "उशीर होऊन राह्यला. मूलवरून रंभाले बी घ्याचं हाये."

गुणवंतरावांनी बाहीनं डोळे पुसले आणि पहिला गिअर टाकला.