आरशावरचा ओरखडा

ओरावा खोऱ्यात नोव्हेंबर लागला की आकाश झाकलं जातं ते थेट मार्चपर्यंत. टेकडीवरच्या वेधशाळेत दर शुक्रवारी जमणाऱ्या मंडळींना त्याचं फारसं दुःख नसे. निरभ्र असलं की दुर्बीण, ढग असले की आरसा, असा त्यांचा नेमच होता. मोठ्या दुर्बिणीचा आरसा ते स्वतःच्या हातांनी घडवत होते. ताटाएवढी रुंद, जाड काच पिंपावर बसवलेल्या दुसऱ्या काचेवर ठेवायची आणि मध्ये पाणी, भुकटी घालून पिंपाभोवती फिरत फिरत घासायची. आधी काळी, खरखरीत भुकटी, मग बारीक, शेवटी पिठासारखी लाल. आता तिसरा हिवाळा चालू होता आणि काम लाल भुकटीवर आलं होतं.

वेंडेलीनकाकांना तर ढगाळ शुक्रवारच जास्त आवडत. चाळीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले होते. निरभ्र रात्री जो तो अंधारात दुर्बिणीला डोळा लावून गप्प. ढग आले की दिवे लागत, कामिलाबाई चहा टाकत, माणसांना एकमेकांची तोंडं दिसत. या वयात एवढी माणसं आपली वाट बघतात, याचं काकांना दर वेळी नवल वाटे.

त्या शुक्रवारी बस चालवणारा बोहुश नवी दुर्बीण घेऊन आला, तशी कामिलाबाई म्हणाल्या, "झालं! यानं दुर्बीण घेतली. नवी दुर्बीण आली की ढग मुक्कामालाच येतात. आता मेपर्यंत हलत नाहीत."

"मग आरसा तरी पुरा होईल," बोहुश म्हणाला. "माझे उपकार माना."

काका वेधशाळेतली शेगडी बंद पडल्यामुळे घरून आणलेला जुना लोकरी स्वेटर घालून सगळ्यांना घासायची पद्धत दाखवत होते. त्यांच्या हातून काच अकरा वर्षांच्या दोरोताच्या हाती गेली. ती दोन फेऱ्या फिरली असेल-नसेल, आणि 'किर्र' असा बारीक आवाज आला.

सगळे थांबले. काच उचलून दिव्याखाली धरली. केसाएवढा ओरखडा, कडेपासून आत बोटभर.

"मघाशी साखरेचं बिस्कीट खाल्लंस ना गं?" बोहुशनं विचारलं. "हात धुतलेस का?"

"धुतले!" दोरोता म्हणाली. पण सगळे तिच्या हातांकडेच बघत होते.

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "असू दे बाळा. चुका होतात. कुणी रागावणार नाही."

दोरोतानं हात खिशात घातले. पुढच्या शुक्रवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

"विसरेल," कामिलाबाई म्हणाल्या. काकांनाही तसंच वाटलं.

मग एका सकाळी काका काचेच्या पेल्यात चहा ढवळत होते. साखरेचे दाणे चमच्याखाली तळाशी करकरत होते. ते दाणे विरघळले, आणि पेला होता तसा स्वच्छ. काकांचा हात थांबला. साखर काचेपेक्षा मऊ. ती ओरखडा काढूच शकत नाही. हे त्यांनी वर्षानुवर्षं मुलांना शिकवलं होतं.

ते उठले, खुंटीवरचा स्वेटर काढला आणि बाहीची दुमड उलगडली. आत काळे कण चमकत होते. खरखरीत भुकटीच्या दिवसांत ते हाच स्वेटर घालत. ती बाही त्यांनी खिडकीच्या फुटक्या काचेवर घासली. 'किर्र.'

शुक्रवारी दुपारी त्यांनी दोरोताचं दार वाजवलं. तिनंच उघडलं. उघडलं, एवढ्यानंही काकांना हायसं वाटलं.

"मला आता तारे आवडत नाहीत," काका बोलायच्या आधीच ती म्हणाली.

"ओरखडा माझ्यामुळे पडला. माझ्या बाहीत भुकटी होती. तुझ्या हातात काहीही नव्हतं."

"मी तेव्हाच सांगितलं होतं, धुतले म्हणून."

"हो."

"मग तुम्ही मला माफ कशाला केलंत? मी काही केलंच नव्हतं! तुम्ही माफ केलंत म्हणून सगळ्यांना खरं वाटलं."

ते तिच्याशी प्रेमानं वागले होते, आणि त्यातच ती दोषी ठरली होती. हे एवढं स्पष्ट त्यांना दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं.

"चुकलो मी," ते म्हणाले. "बरं झालं बोललीस."

"सगळ्यांसमोर सांगाल?"

"आजच सांगतो."

"थांबा, बूट घालते."

वेधशाळेत काकांनी स्वेटर टेबलावर ठेवला, बाही उलगडून दाखवली आणि काही न लपवता सगळं सांगितलं. मग बोहुशनं टोपी काढली.

"दोरोता, मी उगाच बोललो गं. माझं तोंड बसच्या हॉर्नसारखं आहे, आधी वाजतं."

"हॉर्न निदान समोर कुणी असल्यावर वाजवतात," दोरोता म्हणाली, आणि कामिलाबाई एवढ्या हसल्या की चहा सांडला.

"काका, तो ओरखडा जाईल का?" तिनं विचारलं.

"दिसायला त्यानं फरक पडत नाही. चंद्र तसाच दिसेल. घालवायचाच असेल तर पुन्हा बारीक भुकटीपासून सुरुवात. तीन-चार महिने."

"घालवू या."

कुणी कुरकुरलं नाही. बोहुश बारीक भुकटीचा डबा शोधायला गेला. स्वेटर न घालता, उघड्या हातांनी पिंपाजवळ उभे असलेले काका मनातल्या मनात एकेका माणसाचे आभार मानत होते, आणि सर्वांत जास्त त्या मुलीचे. ती चिडली होती, तरी परत आली होती.

दोरोतानं काच हातात घेतली. "तुम्ही माझ्या समोर उभे राहा. चुकलं तर सांगा."

"सांगेन."

"पण आधी नीट बघून."

"बघून सांगेन," काका म्हणाले, आणि ती फिरू लागली.