उंदराचा वाटा

घट बसायच्या आधी आमच्या घरातून रेणुकामायला चोळी जाती. ती शिवायची माझ्या सासूनं, नंदाबाईनं, आन ती बी त्यांच्या हातमशिनीवर. मूठ धरून गरगर फिरवायची काळी मशिन, त्यांच्या माहेराहून आलेली. आत्या, म्हंजी सासूबाई, आधी मशिन पुसायच्या, पाया पडायच्या, मंग देव्हाऱ्यातल्या दिव्याचं करडीचं तेल तिच्या भोकाभोकात सोडायच्या. दुकानातलं मशिनचं तेल घरात आणू द्यायच्या न्हाईत. "मायच्या अंगाला लागणारं कापड. त्याला काय गाडीचं तेल लावू?"

चोळी शिवून झाली की भांडण ठरलेलं. खणाची कातरणं आत्याला पाहिजे असायची, लेकरांच्या उशाखाली ठेवायला, आन ती दर साली गायब व्हायची. "मेला उंदीर," त्या म्हणायच्या, "देवीचं बी सोडीना." मामा, म्हंजी माझे सासरे धर्मराज, जालन्याला कापसाच्या जिनिंगात फिटर होते. ते तंबाखू मळत बसलेले असायचे. "उंदराला बी देवी पावू दे की," एवढंच म्हणायचे.

गेल्या घटाच्या टायमाला मामांनी अंथरूण धरलं, ते उन्हाळ्यात गेले. आन ह्या साली आत्यानं मशिन ओट्यावर आणली तर मूठ जागची हलंना. पुढं न्हाई, मागं न्हाई. आमच्या चुलतसासूबाई नेमक्या दारात उभ्या. "नंदे, जोर लावू नको," त्या म्हणल्या, "मायला तुझ्या हातची चोळी नको असंल आता. बिनकुंकवाच्या हाताची कशी चालंल?"

माझं डोकंच फिरलं. "काकी, चहा टाकलाय, पिऊन घ्या," मी म्हणलं, "आन जल्दी घरी जा." पण बोललेलं आत्याला लागलं ते लागलंच. त्यांनी मशिनवर फडकं टाकलं, खणाची घडी माझ्या हातात दिली. "जालन्यात शिवून घे कुणाकडून बी," म्हणल्या, आन भिंतीकडं तोंड करून निजल्या. जेवल्या न्हाईत. मला रडू यायला लागलं, आन रडू आलं की मला राग येतो.

आमचे हे, भागवत, नव्या जालन्यात बियाण्याच्या कंपनीच्या हापिसात असतात. फोनवर म्हणले, "लाइटवर चालणारी नवी घेऊन येतो."

"तुमच्या आईला मशिन न्हाई पाहिजे, देवी पाहिजे. मी हीच उघडून बघते."

"शालू, आटे ढिले झाले का तुझे?"

"माझे न्हाई. मशिनचे करायचेत."

बोलून तर बसले. ह्यांच्या दारात उभ्या मोटरसायकलच्या डिकीतला पेचकस स्क्रूला लावला, तर तो खाचेतून सटकला आन माझ्याच तळव्यात घुसला. मंग मामांची लाकडी पेटी माळ्यावरून उतरवली. ते गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता तिला. पाने, कानशी, हातानं फिरवायचं गिरमिट, सगळं तेलाचा हात फिरवून ठेवलेलं, कशावर गंजाचा ठिपका न्हाई. मुठी त्यांच्या अंगठ्याखाली झिजून खोलगट झालेल्या. तळाशी चिंध्यांत गुंडाळलेले बारके पेचकस निघाले. जिनिंगातले स्क्रू माझ्या अंगठ्याएवढे, तिथं ह्या काडीचं काय काम?

त्यातला एक मशिनच्या स्क्रूला लावून बघितला. तो खाचेत असा बसला की हात सोडला तरी उभा राह्यला. दुसऱ्या स्क्रूला तोच लावला, तर बसंना. चिंधीतला दुसरा लावला, बराबर बसला. तिसऱ्याला तिसरा. टोकांवर कानशीचे बारीक ओरखडे दिसत होते. एकेका स्क्रूच्या मापानं मामांनी एकेक पेचकस घासून ठेवलेला होता.

मशिनच्या बाजूची पाटी निघाली. आत सगळीकडं पिवळा चिकट थर. नखानं खरवडला आन मला हसूच आलं. हे तर कढईचं कीट. कढईच्या काठाला तेल वाळून बसतं ना, घासून घासून बोटं दुखतात, तेच. करडीचं तेल वाळून मशिनच्या सांध्यासांध्यात बसलेलं होतं.

रॉकेल आता कुठं मिळतंय, ट्रॅक्टरमधलं डिझेल काढलं. कोंबडीच्या पिसानं सोडलं, मशिन उन्हात ठेवली, पुन्हा सोडलं. थर सुटायला लागला. आन त्याच्याखालून आतली दातेरी चाकं वर आली. त्यांचा दात न् दात लखलखत होता. एवढी जुनी मशिन, आन आत कालच घडवल्यासारखी. एक दात दुसऱ्याला जरासा टेकलेला, तो तिसऱ्याला, कुठं केसाएवढी फट जास्त न्हाई. हे सगळं ह्या काळ्या पत्र्याआड एवढी वर्षं फिरत होतं आन आम्ही नुसती मूठ बघत होतो. मी मनातल्या मनात हात जोडले. मायला का मामांना, मला बी कळलं न्हाई.

डिझेलचा वास घेत आत्या उठून आल्या. रागवायला तोंड उघडलं आन नजर खाली चिंध्यांवर गेली. खाली बसल्या. एक चिंधी उचलली, उलगडली. हिरवा खण, पिवळ्या तेलानं कडक झालेला.

"हा तुमच्या लग्नाच्या सालचा," त्या म्हणल्या. मंग जांभळी उचलली. "ही भागवत झाला त्या सालची." लाल. "ही दुष्काळाच्या सालची. तवा खण मिळत नव्हता, माझ्या माहेराहून आणला होता."

सगळी देवीच्या चोळीची कातरणं होती. आत्या दिव्याचं तेल सोडायच्या, आन घट उठले की मामा त्यांच्या मागं मशिन उघडून ते पुसून काढायचे. गेल्या साली ते अंथरुणात होते, उघडणार कोण? आन त्याच साली, त्यांना उठून बसव म्हणून मायचं नाव घेत आत्यानं तेलाची अख्खी बाटली मशिनीत उपडी केली होती.

"मेला उंदीर," आत्या हळूच म्हणल्या, आन चिंधी तोंडावर धरून रडल्या. मी रडू दिलं.

मंग आत्यानं डोळे पुसले, मूठ धरली. मूठ फिरली. तो खडखड आवाज गल्लीत काकीच्या घरापोतर गेला असंल, जावो. मी गुपचूप आणलेली दुकानातल्या मशिनच्या तेलाची बाटली पुढं केली. आत्यानं ती बाजूला सारली, देव्हाऱ्यातलं तेल आणलं आन भोकाभोकात सोडलं. मी माझ्या बाटलीला झाकण लावून टाकलं.

चोळी शिवून झाली. आत्यानं खालची कातरणं एकेक वेचली, घडी केली आन पेटीत पेचकसांपाशी ठेवली.

"घट उठले की बघ काय करायचं ते," त्या म्हणल्या. "मला सांगू नको."